हाताच्या बदल्यात हात

मोनालीची आंघोळ आजही राहिली. चुलीवरचं पाणी तापून पुन्हा गार झालं, वाटीतल्या तेलात एक माशी पोहून गेली, आणि न्हाणीतल्या फरशीवर पाय पसरून बसायचं कोणी, या प्रश्नावर घरातली तीन मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. मोनाली तेवढी निवांत होती. सव्वा महिन्याचं वय, भरलेलं पोट आणि मानेच्या वळीत कालच्या दुधाचा आंबूस वास. तिला कशाचीच घाई नव्हती.

अडचण अशी होती की लेकराला न्हाऊ घालणारे हात या घरात दोनच, आणि ते दोन्ही तिच्या आजीचे, इंदूबाईचे. त्यातला उजवा आता बोटांपासून कोपरापर्यंत पांढऱ्या प्लॅस्टरमध्ये बसला होता आणि गळ्यातल्या पट्ट्यात लटकून घरभर नुसता हुकूम सोडत होता. बळीरामला हात होते, पण ते वखर धरणारे. नातीला उचलायचं म्हटलं की ते असे थरथरायचे की मोनालीच त्याच्याकडे काळजीने पाहायची. राहिली ममता. ती मोनालीची आई, म्हणजे ओली बाळंतीण, आणि इंदूबाईच्या कायद्यात ओल्या बाळंतिणीने तीन महिने पाण्यात बोट घालायचं नव्हतं.

"मी घालतो ना माय. तू नुसतं सांग कसं धराचं ते," ममता म्हणाली.

"हाव! अन् म्हातारपनी हाडं वाजले म्हंजे मंग मायं नाव घेजो. बस गुपचूप."

शेजारपाजारच्या बायका दिवस उगवायच्या आत डबा बांधून कापूस वेचायला जात. एक जण थांबली होती काल. तिने मोनालीला घ्यायला हात पुढे केले, मग स्वतःच ते उलटे करून पाहिले. बोंडांच्या टोकांनी बोटं जागोजागी फाटली होती. "खरवडन वं लेकराले," असं म्हणून तिने ते पदराखाली घेतले आणि शेताकडे निघून गेली.

आता तुम्ही म्हणाल, एखाद्या दिवसाच्या आंघोळीने असं काय बिघडतं? पण ममताचं सगळं त्या आंघोळीवर उभं होतं. रात्रभर मोनाली जागायची आणि जागवायची. सकाळी इंदूबाई तिला पायांवर पालथी घालून तेल जिरवायची, कढत पाणी घालायची, ओव्याची धुरी द्यायची, की लेकरू दगडासारखं झोपायचं. तिच्या कुशीला ममताही झोपायची. दिवसाकाठी तेवढीच झोप तिच्या वाट्याला यायची. इंदूबाई पडल्यापासून तीही गेली होती. डोकं असं झालं होतं की परवा तिने मोनालीला पाळण्यात ठेवून उशीला थोपटलं होतं.

त्यात मुकुटबनहून सासूबाईंचा फोन आला. फोन शेजारी, धम्मरत्नच्या घरी. सासूबाई बाई वाईट नव्हत्या, पण त्या फोनवर बोलायच्या नाहीत, घोषणा करायच्या.

"पान्याले कोनी नाई म्हनते तिथं. मंग लेकरू तिथं ठेवून काय करता? रविवारी राजदीपले जीप घेऊन धाडतो. त्याले सांगून ठेवलं, बायको-लेकरू घेतल्याशिवाय घरात पाय ठेवू नको."

ममताला तीन महिने राहायचं होतं. मुकुटबनच्या घरात दहा माणसांचा स्वयंपाक, वेचणीचे दिवस, पहाटेचा चुलीचा धूर. तिथे तिला कोणी 'बस गुपचूप' म्हणणार नव्हतं. ती फोन ठेवून घरी आली आणि आईच्या प्लॅस्टरकडे पाहून रडली.

"रडू नको," इंदूबाई म्हणाली. "मी कायी मुद्दाम नाई पडली."

ती पडली होती सोमवारी. शेतकऱ्यांसाठी पॅकेज जाहीर झालं त्या वर्षीची ही गोष्ट. सरकारी खरेदी आज सुरू होते, उद्या सुरू होते असं करत दिवाळी गेली, आणि बळीरामने कंटाळून नासिरच्या टेम्पोत कापूस भरून आर्णीजवळच्या एका खासगी जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, नेला. इंदूबाई सोबत गेली, कारण मापाच्या वेळी बळीराम काट्याकडे पाहायच्या ऐवजी आभाळाकडे पाहतो असा तिचा जुना अनुभव. ती काटा पाहायला पुढे झाली, शेडमधल्या फरशीवर पाय सर्रकन गेला, आणि बाई हातावर आली. नासिरने रिकाम्या झालेल्या त्याच टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं. येताना तिच्या केसांत इतका कापूस होता की डॉक्टरांनी आधी टाके कुठे घालायचे ते विचारलं.

धम्मरत्न यवतमाळला वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि सुट्टीत घरी आला होता. त्याने प्लॅस्टर पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत चमक आली.

"काकू, ही तर सरळ सरळ भरपाईची केस आहे!"

घरात बोलला असता तर ठीक होतं. तो बोलला हापशीवर, चार लोकांत. त्या वर्षी जिल्ह्यात 'भरपाई' हा शब्द एकाच कामाला वापरात होता, घरातल्या कर्त्याने जीव दिल्यावर. दुपारपर्यंत तो शब्द वावरावावरातून फिरला, आणि तीन वाजता सात-आठ बायका तोंडाला पदर लावून बळीरामच्या अंगणात आल्या. एकीने तर येतानाच सूर लावला होता. समोर बळीराम बिडी ओढत बसलेला आणि इंदूबाई डाव्या हाताने चहा पीत असलेली.

सूर मध्येच थांबला.

"कोन गेलं वं?"

"कोनी नाई गेलं."

"मंग भरपाई कायची?"

"हाताची," इंदूबाईने प्लॅस्टर वर केलं.

बायका वाकून त्या हाताकडे पाहू लागल्या. मग त्यातली सगळ्यात म्हातारी हळूच म्हणाली, "जित्या मानसाले भेटते?"

बळीरामने बिडी विझवली. मग कोणीतरी म्हणालं, अर्ध्या दिवसाचा वेचा बुडवला ना तुमी, आणि बायका रागारागाने, पण हलक्या पावलांनी परत गेल्या. जाता जाता प्रत्येकीने इंदूबाईच्या खांद्याला हात लावून पाहिला.

संध्याकाळी धम्मरत्नने आपला मुद्दा नीट मांडला. जिनिंगवाल्यांचा निष्काळजीपणा, ओली फरशी, अमुक इतकी रक्कम. इंदूबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "पैसे नोको."

"म्हणजे?"

"पैशाले पाय पसरून बसता येते का? माया हात गेला, त्याईनं हात द्यावा. लेकराले न्हाऊ घालनारी एक बाई पाठवा म्हना, पिलास्टर निघेपर्यंत."

धम्मरत्न गोंधळला. "काकू, असं मागता येत नाही. कायद्यात भरपाई म्हणजे पैसेच."

"मंग तुया कायदा घालते का आंघोळ?"

ममताला ही मागणी एकदम पटली. जिनिंगवर बायका कामाला असतातच. त्यातली एक रोज सकाळी आली की झालं. मोनाली झोपेल, आपण झोपू, आणि रविवारी राजदीपला सांगता येईल की पाण्याला माणूस आहे, कारणच उरलं नाही. इतकी सोपी गोष्ट होती. निदान नासिरच्या टेम्पोत पुढच्या सीटवर मोनालीला मांडीवर घेऊन बसताना तरी ती सोपी वाटत होती. मागे कापसाच्या उरलेल्या पुंजक्यांत बळीराम, इंदूबाई आणि धम्मरत्न उभे होते.

जिनिंगचे शेठ बाहेरगावी होते. मॅनेजर भावसिंग होता. हा बळीरामच्या गावाशेजारच्या तांड्यावरचा, ओळखीतला माणूस. पण ऑफिसात तो ओळख बाहेर चपलेजवळ ठेवत असे. ऑफिस नवं होतं आणि त्यातल्या पांढऱ्या फरश्या इतक्या गुळगुळीत होत्या की आत येताना सगळ्यांनी आपोआप पावलं आखडली. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि आतलं बोलणं ऐकायला खिडकीच्या गजांशी चार-पाच शेतकरी.

"फरशी ओली होती," धम्मरत्नने सुरुवात केली.

"कोनती फरशी?"

"काट्याजवळची."

"आमच्या इथं पान्याचं काय काम? हे जिनिंग हाये. धोबीघाट नाई."

"मंग तो पाइप कायले हाये?" इंदूबाईने विचारलं. दाराआड एक हिरवा पाइप वेटोळं घालून पडला होता आणि त्याच्या तोंडातून अजून थेंब गळत होता.

"झाडाले पानी द्याले."

सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आवारात झाड नव्हतं.

"लावनार हाओ," भावसिंग म्हणाला.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. कापसावर पाणी मारलं की तो वजनाला भरतो. ही गोष्ट आमच्याकडे शेतकऱ्याला माहीत असते, व्यापाऱ्याला माहीत असते, आणि दोघंही ती आयुष्यात कधी ऐकली नाही असा चेहरा करून एकमेकांसमोर बसतात. शेतकऱ्याच्या कापसात ओल निघाली तर भाव कापतात. व्यापाऱ्याच्या गाठीत निघाली तर त्याचा माल परत येतो. त्यामुळे कापसाच्या जवळपास 'ओलं' हा शब्द उच्चारायचाच नसतो. ममता शेतकऱ्याची लेक होती, तिला हे ठाऊक होतं. धम्मरत्नला नव्हतं, कारण त्याच्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं.

भावसिंग खुर्चीत मागे रेलला. "बरं, मानलं. ओली होती फरशी. मंग मले सांगा बळीरामभाऊ, त्या टाइमले काट्यापाशी कापूस कोनाचा होता?"

"माया," बळीराम अभिमानाने म्हणाला.

"मंग पानी कोनाच्या कापसातून निथळलं?"

बळीरामचं तोंड उघडं राहिलं. कापसाचा चुकारा, म्हणजे पैसे, अजून मिळायचा होता. इंदूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. ममतानेही पाहिलं. कापूस न्यायच्या आदल्या रात्री ती मोनालीला घेऊन ओसरीत येरझारा घालत असताना बाबा बादली घेऊन कापसाच्या ढिगाकडे गेले होते आणि बादली हलकी करून परत आले होते. तिला वाटलं होतं, झोपेअभावी आपल्याला भलतंच दिसतंय.

"कोरडी होती फरशी," बळीराम म्हणाला. "ठनठनीत."

"काका!" धम्मरत्न ओरडला. "फरशी कोरडी असेल तर भरपाई कशाची?"

"मंग ओली होती. पन मायी नाई."

"मंग कोनाची?" भावसिंगने विचारलं.

"पाइपाची."

"पाइप झाडाचा हाये म्हनलं ना."

"दव पडलं असन!"

"टेम्पोवरच्या ताडपत्रीच्या खाली?"

"काही काही दव खालून येते," बळीराम म्हणाला, आणि खिडकीबाहेरच्या दोघा-तिघांनी गंभीरपणे माना हलवल्या. त्यांच्याही गाड्यांवर ताडपत्र्या होत्या.

धम्मरत्नने रुमालाने कपाळ पुसलं. "थांबा. साक्षीदार आहे आपल्याकडे. नासिरभाई, तुम्ही सांगा. फरशी ओली होती की कोरडी?"

नासिरला पुढच्या आठवड्यात बळीरामच्याच आळीतला कापूस याच जिनिंगवर आणायचा होता. त्याने दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. "ऐसा है, मावशी पडली तवा गिल्ली होती. कापूस मापला तवा सुकी होती."

"आणि मधल्या वेळात?"

"बीच में मी चाय प्याले गेलतो."

ममताला आता काहीच कळेनासं झालं. आपण भरपाई मागायला आलो होतो, इतकं तिला आठवत होतं. पण आपले बाबा फरशी कोरडी म्हणत होते, मॅनेजर ओली होती असं सिद्ध करत होता, आणि बाबांनी ओली म्हटलं की मॅनेजर कोरडीवर यायचा. धम्मरत्न एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे वळत होता. शेवटी दोघंही दमले. भावसिंगने टेबलावर हात टेकले.

"म्हंजे ठरलं. कोनाचंच पानी नाई. फरशी कोरडी होती, कोरडी हाये, अन् कोरडी राहीन."

"ठरलं," बळीराम म्हणाला.

"मंग मी कायले पडली?" इंदूबाईने विचारलं.

बळीरामने खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. तेवढ्यात ममताला मांडीवर ऊब जाणवली. आधी थोडी, मग बरीच. लंगोट, दुपटं, साडी असं सगळं ओलांडून ती ऊब खुर्चीच्या कडेने खाली उतरली आणि पांढऱ्या फरशीवर चकचकीत पसरत टेबलाच्या बाजूला निघाली.

"अहो भाऊ," ममता म्हणाली, "फरशी ओली—"

"कोरडी!" बळीराम आणि भावसिंग एका सुरात ओरडले.

"नाई, पन आता—"

"ताई, आताच ठरलं ना!" भावसिंग उठलाच. "अवो, मानसाले चालता यावं लागते. हे पाहा, असं चाललं का कोनी पडते का? हे पाहा, असं!"

त्याने टेबलाला वळसा घातला. पहिलं पाऊल छान पडलं. दुसरंही पडलं. तिसऱ्याला तो पडला.

पडताना तो जे ओरडला ते साऱ्या आवाराने ऐकलं. "ओली! फरशी ओली हाये!"

खिडकीतला एक जण रांगेकडे धावला. "मॅनेजर ओल म्हनून राह्यला रे! ओल निघाली!" पुढच्या दहा मिनिटांत जिनिंगच्या आवारात जे झालं ते सांगायला वेगळी गोष्ट लिहावी लागेल. भाव कापणार म्हणून अर्ध्या गाड्या वळायला लागल्या. तपासणीवाले आले असं समजून आतल्या कामगारांनी हिरवा पाइप उचलून मागच्या नाल्यात फेकला. वळणाऱ्या गाड्या आणि येणाऱ्या गाड्या फाटकात अडकल्या. भावसिंग फरशीवर पाय धरून पडला होता, आणि त्याच्या शेजारी वाकून इंदूबाई शांतपणे म्हणत होती, "पाह्यलं? होती ना ओली."

"काकू, ती त्या दिवशीची," धम्मरत्न कळवळून म्हणाला. "ही आजची."

परत जाताना टेम्पोत गर्दी झाली. पायाला हात लावू देत नव्हता म्हणून भावसिंगला पुढच्या सीटवर, ममताच्या शेजारी बसवलं. नासिरने त्याच दवाखान्याचा रस्ता धरला.

"आता मले भरपाई पाह्यजे," भावसिंग कण्हत म्हणाला.

"कोनाकडून?" नासिरने विचारलं.

"यायच्याकडून! पानी यायचं होतं. या टाइमले तरी यायचंच होतं!"

ममता खाली मान घालून बसली. खरंच होतं. पाणी आमचंच होतं. आता माघार घ्यायची तर कुठे घ्यायची? आईचा हात गेला, मॅनेजरचा पाय गेला, चुकारा लटकला, बाई मिळाली नाहीच, आणि वर एक दावा अंगावर. तिने मोनालीकडे पाहिलं. मोनाली भावसिंगकडे पाहत होती. त्याच्या कण्हण्याने वाकड्या झालेल्या तोंडाकडे तिने एकटक पाहिलं, आणि मग तिचे ओठ हळूच रुंद झाले, गालाला खळी पडली, आणि मोनाली हसली. आयुष्यातलं पहिलं हसू. सव्वा महिना रात्ररात्र जागून ममता ज्याची वाट पाहत होती ते, आणि ते मिळालं कोणाला, तर जिनिंगच्या मॅनेजरला.

भावसिंगचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. "हे... हे हासली का?"

"हाव," ममता म्हणाली. तिला रडूच आलं. "पहिल्यांदा."

भावसिंग दवाखाना येईपर्यंत गप्प बसला. फक्त एका खड्ड्यात टेम्पो आदळला तेव्हा त्याने आपल्या पायाऐवजी मोनालीच्या डोक्यामागे हात धरला.

पण माणूस गप्प बसला म्हणून दावा बसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरून भावसिंगची आई आली. शकुबाई. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून आरशांची ओढणी, आणि आवाज असा की तिच्या आधी तो अंगणात पोचला.

"कोन हाये ते? माया पोराले पाडनारी कोन हाये? समोर आना! भरपाई घेतल्याबिगर मी उठनार नाई!"

आणि ती खरोखरच अंगणात बसली. बळीराम वावराच्या दिशेने नाहीसा झाला. धम्मरत्नच्या घराचं दार आतून लागलं. ममता घाबरून आईच्या मागे उभी राहिली. इंदूबाईने मात्र लेकीला नात पुढे धरायला लावली आणि म्हणाली, "हे घे. हे पाडनारी. माग हिले काय मागाचं ते."

शकुबाईने मोनालीला उचलून नाकाजवळ नेलं. वास घेतला. मानेची वळी उघडून पाहिली. काखेत पाहिलं. मग तिने दोघींकडे अशी नजर टाकली की फरशीचा सगळा वाद त्यापुढे फिका पडला.

"किती दिस झाले वं हिच्या आंगाले पानी नाई?"

इंदूबाईने प्लॅस्टर दाखवलं. ममताने खाली पाहिलं.

"अन् भरपाया मांगत फिरता!" शकुबाईने ओढणी कमरेला खोचली. "पानी ठेव वं चुलीवर. कढत ठेव. तेल कुठी हाये? हे? हे तेल हाये का माशीची विहीर? दुसरं आन!"

न्हाणीत पाय पसरून ती बसली. मोनाली तिच्या पोटऱ्यांवर पालथी पडली आणि बांगड्यांचा खळखळाट सुरू झाला. इंदूबाई दारात पाटावर बसून हुकूम देऊ लागली. "पाठीले खालून वर. आमी बेसन लावतो, साय घालून." शकुबाई म्हणाली, "आमी ज्वारीचं पीठ लावतो." "बेसन चांगलं." "ज्वारीनं लव जाते." "बेसनानं जाते." "छोरी मायाकडे हाये का तुयाकडे?" यावर इंदूबाईला गप्प बसावं लागलं. हे तिच्या आयुष्यात फार कमी वेळा झालं होतं. शकुबाई कसलंसं तांड्यावरचं गाणं गुणगुणत होती. त्यातला एकही शब्द ममताला कळला नाही, पण मोनालीला सगळं कळत असावं.

धुरी झाली. मोनाली दगडासारखी झोपली. ममता कुशीला टेकली आणि मधलं काहीच तिला आठवलं नाही. उन्हं कलल्यावर ती उठली तेव्हा शकुबाई निघाली होती.

"उद्या येतो," अंगणातून तिचा आवाज आला. "मायी भरपाई बाकी हाये."

दुसऱ्या दिवशी ती आली. भरपाई मागितली, नाही मिळाली, लेकराला न्हाऊ घातलं, गेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. आता ती अंगणात आल्यावर आधी चहा मागायची, मग भरपाई. इंदूबाईही चहा झाल्यावर म्हणायची, "आमी कायची देतो? तुयाच पोराकडे मायी निंगते." "मंग बसा," असं म्हणून शकुबाई पाय पसरायची. भावसिंगने तांड्यावर खाटेवर पडल्या पडल्या चुकाऱ्याचा निरोप पाठवला. भाव कापला नव्हता. कोणी कोणाला काही दिलं होतं की घेतलं होतं, याचा धम्मरत्नला थांग लागेना. त्याने पुस्तकात पाहिलं, तिथेही नव्हतं.

आणि रविवारी फाटकाशी जीप थांबली.

राजदीप आत आला तेव्हा शकुबाई मोनालीला काजळ घालत होती. तो सरळ, भिडस्त मुलगा. लग्न झालं तेव्हापासून आईचं ऐकायचं की बायकोचं, हे ठरवायची वेळ आली की त्याला तहान लागायची. आताही त्याने आधी पाणी मागितलं.

"आई म्हने, पान्याले कोनी नाई इथं..."

"मंग मी कोन दिसतो तुले?" शकुबाईने विचारलं.

राजदीपने तिच्याकडे पाहिलं, ममताकडे पाहिलं, मोनालीकडे पाहिलं. मोनाली तेल-काजळाने चमकत होती. तो तिला बाळंतपणानंतर दुसऱ्यांदाच पाहत होता. त्याने एक बोट पुढे केलं. तिने ते मुठीत धरलं आणि झोपून गेली.

"म्हंजे, तशी अडचन नाई," तो म्हणाला.

"काहीच नाई," ममता म्हणाली.

"पन आईनं सांगतलं, घेतल्याशिवाय घरात पाय ठेवू नको."

"मंग तुमीच सांगा."

बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. राजदीपला पुन्हा तहान लागली. ममता आणि मोनालीला नेलं तर ममताचे डोळे. नाही नेलं तर आई. त्याने हळूच आपलं बोट मोनालीच्या मुठीतून सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. बराच वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. शेवटी ममताने एकेक बोट उघडून त्याला मोकळा केला.

"पाय धुवून येतो," तो म्हणाला आणि न्हाणीकडे गेला.

क्षणभराने धप्प आवाज झाला.

सगळ्यांत आधी ममता पोचली. राजदीप न्हाणीत उताणा पडला होता, डोळे मिटलेले, एक हात कमरेवर. "आई गं... कंबर गेली... उठवत नाई मले..."

ती त्याच्याजवळ खाली बसली. त्याच्या डोक्याखाली हात घालायला तिने फरशीला हात टेकवला, आणि हात तसाच राहिला. आंघोळ होऊन वेळ झाला होता. न्हाणीत केव्हाचं ऊन आलं होतं. फरशी ठणठणीत कोरडी होती. तांब्याही जागच्या जागी भरलेला होता.

राजदीपने एक डोळा उघडला.

"मोनाली उठली तं नाई ना आवाजानं?" तो हळूच म्हणाला.

ममताने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. मागे ओसरीत पावलं वाजली. इंदूबाई येत होती, तिच्या मागे शकुबाईच्या बांगड्या, आणि त्यांच्याही मागे जीपवाला, जो मुकुटबनला जाऊन सगळं सांगणार होता.

ममताने तांब्या उचलला आणि पुरा त्याच्या कमरेखाली रिकामा केला. पाणी थंडगार होतं. राजदीप खराखुरा ओरडला.

"काय झालं वं?" इंदूबाई दारात येऊन उभी राहिली.

"यायचा पाय घसरला माय," ममता म्हणाली. "फरशी ओली होती."